वसुधाच्या नावाचा ब्रेकर

हे लिहायला घेतलं तेव्हा अपघाताला आठ महिने झाले होते. आता अकरावा चालू आहे. दुपारी अर्धा तास टेबलाशी बसता येतं. त्यापेक्षा जास्त बसलो की डावा खुबा ठणकायला लागतो. म्हणून रोज अर्धं पान, कधी तेवढंही नाही.

लिहायचं कारण असं की हॉस्पिटलात उताणा पडलेलो असताना मला असं काहीतरी वाचायला हवं होतं. हाडांविषयीची माहिती निखिलने, माझ्या मुलाने, फोनवर शोधून भरपूर वाचून दाखवली. ती मला नको होती. कमरेचं हाड मोडलेला माणूस पहिल्यांदा कुशीवर वळतो तेव्हा त्याला काय वाटतं, घरचे त्याच्यापासून काय लपवतात, ज्या रस्त्यावर तो पडला त्यावर तो परत उतरतो का, हे कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही. शिवाय मला काही माणसांचे आभार मानायचे आहेत, आणि तोंडाने ते मला कधीच नीट जमलेलं नाही. आमच्या घरी बोलायचं काम वसुधा करायची.

वसुधा माझी पत्नी. त्याच अपघातात ती गेली.

रस्ता

आमची इमारत डोंबिवलीत एका रुंद रस्त्याला लागून आहे. मी कोलशेतच्या एका रसायनांच्या कारखान्यात तांत्रिक ग्रंथालय सांभाळायचो. निवृत्त होऊन सात वर्षं झाली. या रस्त्याच्या अलीकडे आमची घरं, आणि दवाखाना, बँक, बाजार, वाचनालय, बाग सगळं पलीकडे. दिवसातून दोनदा तरी तो ओलांडावाच लागतो.

पूर्वी हा रस्ता म्हणजे नुसते खड्डे होते. वसुधाने तीन वर्षं त्याच्या मागे लागून तो काँक्रीटचा करून घेतला. घरोघर जाऊन सह्या गोळा केल्या. तिच्या जोडीला बाळाराम पाटील. ते इथले मूळचे. आमची इमारत उभी आहे तिथे त्यांच्या वडिलांची भाताची शेती होती. आता त्यांचे डंपर आहेत, खडी-वाळूचा धंदा आहे. वसुधा अर्ज लिहायची आणि बाळाराम ते घेऊन कार्यालयात ठाण मांडून बसायचे. रस्ता झाला त्या दिवशी दोघांनी मिळून पेढे वाटले.

महिन्याभरात आमच्या लक्षात आलं की खड्डे होते तोवर गाड्या आपोआप हळू जायच्या. आता त्या सुसाट सुटायला लागल्या. पलीकडे जायला निघालेली वसुधा कडेला उभी राहून म्हणाली होती, "अहो, आपण रस्ता मागितला होता ना? हे तर विमानतळ करून दिलंय."

ती संध्याकाळ

गणपती होऊन आठवडा झाला होता. बागेतून परत येत होतो. दोन्हीकडे बघितलं, लांबवर एक गाडी होती, आणि ती जितकी लांब दिसली तितकी लांब असेल असं आम्ही धरून चाललो. पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. आवाज नाही आठवत. गालाखाली काँक्रीट अजून दिवसभराच्या उन्हाने कोमट होतं, ते आठवतं.

गाडी चालवणारा पळून गेला नाही. तिशीतला मुलगा होता. प्यायलेला नव्हता, फोनवर नव्हता. ऑफिसातून घरी निघालेला. तो माझ्याशेजारी गुडघ्यावर बसून एकच वाक्य म्हणत होता, "काका, रस्ता रिकामा होता हो. रस्ता रिकामा होता." त्यानेच लोकांना हाका मारल्या, त्याच्याच गाडीत वसुधाला घातलं. त्याच्यावर खटला चालू आहे आणि तो चालायलाच हवा. पण त्याच्याबद्दल मला राग आणता आला नाही, हेही इथे लिहायला हवं. त्या रस्त्यावर सगळेच तेवढ्या वेगाने जात होते. त्या दिवशी समोर आम्ही आलो.

जवळच्या दवाखान्याने मला ठाण्याला न्यायला सांगितलं. ॲम्ब्युलन्स शिळफाट्यामार्गे निघाली. ज्यांच्या कमरेचं हाड मोडलंय त्यांना वेगळं सांगायला नको, पण इतरांना सांगतो: रस्त्यावरचा प्रत्येक उंचवटा तुमच्या शरीरातून जातो. ॲम्ब्युलन्समधला मदतनीस पुढे बघून आधी ओरडायचा, "काका, येतोय, दात आवळा!" मग गाडी वर जायची आणि आदळायची. त्यातले निम्मे गतिरोधक कुणी, कधी, कशाला घातले होते कोण जाणे. एखादा घोट्याएवढा, एखादा गुडघ्याला येईल असा वाटणारा. मला शुद्ध होती आणि मोजायची आयुष्यभराची सवय होती. मी सतरा मोजले. अठराव्याला शुद्ध गेली, त्याबद्दल मी देवाचा आभारी आहे.

टोपी

डॉक्टर मोजकं बोलणारे होते. म्हणाले, "कमरेचं हाड दोन ठिकाणी मोडलंय, मांडीचंही. ऑपरेशन करू. मग सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही. त्यानंतर किती चालाल ते आज सांगता येणार नाही." मी विचारलं, "पण चालेन?" ते म्हणाले, "त्यासाठीच तर ऑपरेशन."

वसुधाबद्दल विचारलं की प्रत्येक जण वेगळ्या शब्दांत तेच सांगायचा. ती दुसऱ्या हॉस्पिटलात आहे, आयसीयूत आहे, गुंगीत आहे. सिस्टर म्हणायच्या, "आधी तुमचं बघू या ना, आजोबा." मीही जास्त खोदून विचारलं नाही. आता वाटतं, मला ठाऊक असणार.

ऑपरेशननंतर चौथ्या-पाचव्या दिवशी निखिल भेटायला आला. डोक्यावर निळी क्रिकेटची टोपी. निखिलने शाळेच्या सहलीलासुद्धा कधी टोपी घातली नव्हती. तो उभा राहून बिलांचं, मेडिक्लेमचं काहीतरी सांगत होता. मी म्हटलं, "टोपी काढ."

"बाबा, एसी आहे ना, थंड वाटतंय."

"निखिल, टोपी काढ."

त्याने काढली. डोक्याचा गोटा केलेला होता. दहावा आदल्या दिवशी झाला होता.

तो म्हणाला, "मी सांगणारच होतो. डॉक्टर बोललेले, दोन दिवस थांबा. आई दुसऱ्याच दिवशी गेली, बाबा. मी... मी एकटाच गेलेलो सगळीकडे."

मला उठून त्याला जवळ घेता येत नव्हतं. तोच वाकला आणि त्याचं गुळगुळीत डोकं माझ्या छातीवर टेकलं. लहानपणी जावळ काढलं तेव्हा असंच लागलं होतं हाताला. त्या हॉस्पिटलच्या खाटेवर मी त्याच्या डोक्यावरून किती वेळ हात फिरवत होतो ते आठवत नाही. ज्यांना आपल्या माणसापासून काही लपवावं लागतंय त्यांच्यावर मी रागावणार नाही. निखिलने दहा दिवस ते एकट्याने वाहिलं. पण एवढं सांगतो, कळल्यावर मला हलकं वाटलं. मी एकदाचा रडू शकलो.

वॉर्ड

पाच आठवडे मी तिथे होतो. पहाटे अंग पुसणं, सहाला चहा, मग ड्रेसिंग, मग दिवसभर छताकडे बघणं. पंख्याच्या मधोमध एक गंजाचा डाग होता, त्याचा आकार मला अजून काढून दाखवता येईल.

भीती वाटायची ती दुखण्याची नाही. कुशीवर वळवायला माणसं आली की वाटायची. आणि लाज वाटायची. सहासष्ट वर्षांत मी कुणाला माझी पाठसुद्धा चोळू दिली नव्हती, आणि आता बेडपॅनसाठी घंटा वाजवायची होती. मी तासन् तास धरून बसायचो.

वॉर्डात एक वॉर्डबॉय मामा होते, विठ्ठलवाडीहून रोज यायचे. पन्नाशीचे, काटक. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ते माझ्या खाटेशी आले आणि मोठ्याने नाही, अगदी कानाशी बोलले, "बाबा, तुम्ही शिकलेले ना? मग एवढं कळत नाही? तुम्ही घंटा नाही वाजवली तर मला चादर बदलावी लागते. चादरीचं काम जास्त. माझ्यावर उपकार करा, घंटा वाजवा."

मी हसलो. अपघातानंतर पहिल्यांदा. हसल्याने ऑपरेशनची जागा एवढी दुखली की डोळ्यांत पाणी आलं, तर म्हणतात, "आता हसू पण नका. एक काम धड नाही तुमचं."

त्यानंतर मी घंटा वाजवायचो. त्यांनी मला जे दिलं त्याला नाव देता येत नाही. पडून असलेल्या माणसाला सांगेन: तुमची सेवा करणाऱ्या माणसासमोर लाजून त्याचं काम वाढवू नका.

कोलशेत

हॉस्पिटलातून मी निखिलच्या घरी गेलो. त्याचं घर कोलशेतला, चौदाव्या मजल्यावर. खाली बघितलं की माझ्या जुन्या कारखान्याची जागा दिसायची, तिथेही आता टॉवर आहेत. निखिल आणि सूनबाईंनी माझं जे केलं त्यात काडीचीही उणीव नव्हती. आंघोळीच्या खुर्चीपासून मऊ खिचडीपर्यंत सगळं. फक्त वसुधाचं नाव निघालं की कुणीतरी टीव्ही लावायचं. तिचे फोटो कपाटात गेले होते. मला त्रास होऊ नये म्हणून.

मला तो त्रास हवा होता. मला माझ्या घरी जाऊन, तिच्या भांड्यांत चहा करून, तिच्या बाजूची पलंगाची जागा रिकामी बघून दुःख करायचं होतं. हे मी बोललो तेव्हा निखिल उसळला.

"बाबा, त्या रस्त्यावर परत नाही. प्लीज. एक गेलीय, मला दुसरं नको."

"मग मी काय करू? चौदाव्या मजल्यावरून खाली बघत बसू?"

"तिकडे पाव आणायचा तरी रस्ता क्रॉस करावा लागतो! तुम्ही वॉकरवर!"

शेवटी सूनबाई म्हणाल्या, "मे महिन्यापर्यंत वेळ घ्या. दिवसा एक माणूस ठेवू. मेपर्यंत बाबा एकट्याने रस्ता ओलांडून गेले तर तिथेच राहतील. नाही जमलं तर सामान इकडे आणू, घर भाड्याने देऊ." निखिलने मान हलवली. मीही.

घरी येऊन व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपिस्ट स्नेहल नावाची मुलगी होती, वर्तकनगरची. तिला हे कळल्यावर तिने फोन करून बाळारामांकडून रस्त्याची रुंदी मोजून मागवली आणि निखिलच्या मजल्यावरच्या लॉबीत तेवढ्या अंतरावर खडूने दोन रेघा मारल्या. "काका, ही अलीकडची कडा, ती पलीकडची. चला." पहिल्या दिवशी मला दीड मिनिटाच्या वर लागलं. मी भिंतीला टेकलो. ती घड्याळ बघून म्हणाली, "मस्त. तेवढ्यात तिकडून चाळीस गाड्या गेल्या. उद्या पस्तीस जातील."

हार घेऊन

संक्रांतीच्या आसपास मी डोंबिवलीला परत आलो. निखिल गाडी चालवत होता. आमच्या इमारतीसमोर गर्दी दिसली. सोसायटीतली माणसं, मध्ये बाळाराम, हातात झेंडूचा हार, कुणाच्या हातात औक्षणाचं तबक. मला भरून आलं. तेवढ्यात गाडीचं पुढचं चाक वर चढलं आणि खाली आदळलं, मग मागचं. माझ्या कमरेतून कळ गेली ती थेट दातांपर्यंत. मी सीटची कड घट्ट धरली.

आमच्या फाटकाच्या अलीकडे एक भलामोठा ब्रेकर होता. काँक्रीटचा, काळ्या-पिवळ्या पट्ट्या रंगवलेला. बाळारामांनी दार उघडलं. "काका, बगितलात काय? आमी टाकला. आमचीच पोरं, आमचीच खडी. वैनींच्या तेराव्याला सकाळी घातला. आता बगू कोन पळवतंय इथून!" शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी सांगितलं की सगळे त्याला 'वसुधाकाकूंचा ब्रेकर' म्हणतात. रिक्षावाल्यांना पत्ता सांगतानाही.

मी हार घालून घेतला. औक्षण करून घेतलं. निखिल आरशातून माझ्याकडे बघत होता. त्याने माझा चेहरा बघितला होता.

वर गेल्यावर तो म्हणाला, "सांगणार का त्यांना?"

मी म्हटलं, "कसं सांगू?"

कसं सांगू

त्यानंतर पाच आठवडे मी सांगितलं नाही. तपासणीला, एक्स-रेला जाताना-येताना त्यावरून जावं लागे. बाल्कनीत बसून बघायचो. गाड्या ब्रेकरपाशी कचकन थांबायच्या, धाडकन आदळायच्या आणि पलीकडे गेल्या की राग काढल्यासारख्या आणखी जोरात पळायच्या. लोक ओलांडतात ती जागा ब्रेकरपासून शंभर पावलांवर आहे, दिव्याच्या खांबाशी. तिथे येईपर्यंत त्यांचा वेग पूर्वीइतकाच. एकदा मोटारसायकलवरचं जोडपं ब्रेकरवर घसरून पडलं, खरचटण्यावर निभावलं.

आणि तरीही बोलवेना. बाळाराम रोज सकाळी फाटकाशी येऊन विचारायचे, "काका, कसा काय? चाल कितीवर आली?" त्या माणसाने वसुधाबरोबर तीन वर्षं उन्हातान्हात हिंडून हा रस्ता मिळवला होता, आणि त्याच रस्त्याने तिला नेलं. त्या ब्रेकरमध्ये त्यांनी काय काय ओतलं होतं ते मला दिसत होतं. मी निखिलला म्हणालो, वसुधा असती तर तिने हसत-हसत सांगून टाकलं असतं. निखिल म्हणाला, "आई असती तर ब्रेकरच नसता."

मग एक्स-रेचा दिवस आला. निखिलला सुट्टी नव्हती. बाळाराम म्हणाले, "माझ्या गाडीतून जाऊ." त्यांची गाडी उंच, ऐसपैस, तिला ब्रेकर कळतही नसेल. मी म्हटलं, "रिक्षाने जाऊ. माझ्याबरोबर बसाल का?"

ते हसले. "रिक्षान? धा वर्सं झाली बसून." तरी बसले. गळ्यातली साखळी सावरत, अंग चोरून, माझ्या डाव्या बाजूला.

एक्स-रे चांगला आला. परतताना आमचा रस्ता आला तशी मी त्यांना म्हटलं, "बाळाराम, तुमचा हात द्या." त्यांनी दिला. रिक्षावाला बडबड्या होता. ब्रेकर दिसताच त्याने गियर बदलला आणि सुरू झाला, "बघा शेठ, हा आला. ज्याने बांधलाय ना, त्याला रोज माझ्या रिक्षात बसवला पाहिजे. ब्रेकर नाही, भिंत आहे भिंत! मागच्या आठवड्यात एक बाई, भरलेले दिवस, इथे उतरली, चालत पलीकडे गेली, मग परत बसली. अशी गत."

रिक्षा चढली. आदळली. मी ओरडलो नाही, पण माझी बोटं बाळारामांच्या हातात काय करत होती ते त्यांना कळलं. मागचं चाक आदळलं तेव्हा त्यांनी दुसरा हात माझ्या खांद्यामागे घातला आणि मला धरलं.

फाटकाशी उतरल्यावर ते बराच वेळ रस्त्याकडे बघत उभे राहिले. त्यांच्या हातावर माझ्या नखांचे वळ होते.

"काका, तुमी बोलला का नाय?"

"तुम्ही हार घेऊन उभे होतात."

"आन् दर येळेला असाच?"

"हो."

ते पायरीवर बसले. एवढा दांडगा माणूस, पण रडला. "वैनींना मी काय सांगू? रस्ता मीच आनला. मना वाटला, निदान यवडा तरी..."

मी त्यांच्या शेजारी बसू शकत नव्हतो, पायरी खाली होती. काठी भिंतीला लावून उभा राहिलो. म्हटलं, "बाळाराम, तुम्ही दोघांनी चांगला रस्ता मागितलात. वेग कुणी मागितला होता? तो आपल्याला न विचारता आला. आता तेवढा कमी करून मागू या."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा जेसीबी आला. वीस मिनिटांत ब्रेकर गेला. निघालेले तुकडे त्यांनी स्वतः उभं राहून भरून घेतले. त्या दिवशी ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि मी त्यांना बोलवलं नाही.

तीस

अर्ज मी लिहिला. आयुष्यभर दुसऱ्यांचे अहवाल लावून ठेवले, स्वतः लिहिलेला हा पहिलाच महत्त्वाचा कागद. मागणी साधी होती: या रस्त्यावर ताशी तीसची मर्यादा, ओलांडायच्या जागी पांढरे पट्टे, आणि तिथे रस्ता थोडा अरुंद. तीसने येणाऱ्या गाडीला माणूस दिसल्यावर थांबता येतं. साठने येणाऱ्या गाडीला माणूस दिसतो, एवढंच. सह्या घ्यायला या वेळी बाळाराम एकटे फिरले. काही लोकांनी ऐकवलं, "आता रस्ता पण नको का?" एका तरुणाने तर तोंडावर म्हटलं, "काय काका, बैलगाडी घेऊ काय?" बाळाराम म्हणाले, "घे. आमच्या गोठ्यात जागा हाय."

कार्यालयातले साहेब सभ्य होते. त्यांनी सगळं वाचलं आणि म्हणाले, "पाट्या लावून देतो, पट्टेही मारून देतो. पण पाटी पाळणार कोण, ते सांगा." बाहेर पडल्यावर बाळाराम गाडीला टेकून उभे राहिले. "काका, बरोबर बोलला तो. या रस्त्याला सगल्यात जोरात कोन जातो ठाव हाय? माझे डंपर."

हे खरं होतं. डंपरवाल्यांना खेपेवर पैसे मिळायचे. जितक्या खेपा जास्त तितकी कमाई. पाट्या लागल्या त्या आठवड्यात बाळारामांनी ती पद्धत बंद केली आणि सातही चालकांना महिन्याचा पगार लावला. हुकूम एकच: या रस्त्यावर तीसच्या वर काटा गेला तर चावी ठेवून घरी जायचं. एका बाजूला दोनच गाड्यांची जागा असते. सकाळी आणि संध्याकाळी दोन डंपर शेजारी-शेजारी तीसने निघाले की त्यांच्यामागे कितीही मोठी गाडी असो, तिला तीसनेच यावं लागायचं. पहिले पंधरा दिवस नुसते हॉर्न. शिव्या. एक मोटारवाला उतरून भांडायला आला तर चालकाने खिडकीतून पाटी दाखवली आणि काच वर केली. हळूहळू हॉर्न कमी झाले. डंपर नसतानाही काही गाड्या हळू जायला लागल्या. सगळ्या नाही. पण मी बाल्कनीतून बघत होतो, आणि मला फरक दिसत होता.

बाळारामांना या महिन्यांत किती खेपांचं नुकसान झालं हे त्यांनी मला सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "काका, तुमी चाला."

मे

मेच्या पहिल्या शनिवारी निखिल आला. मागच्या सीटवर सामान बांधायची रिकामी खोकी होती. ती त्याने वर आणली नाही, पण मला दिसली. रागाने नव्हती आणली. त्याला मनापासून वाटत होतं की आपल्याला ती लागतील.

संध्याकाळी आम्ही खाली उतरलो. वॉकर नाही, फक्त काठी. तो म्हणाला, "मी पलीकडे उभा राहतो. मध्ये थांबावंसं वाटलं तर थांबा. हात केलात की मी येईन." मग पट्ट्यांवरून जवळजवळ धावतच पलीकडे गेला.

मी कडेला उभा राहिलो. उजवीकडून गाड्या येत होत्या. पुढे डंपर, मागे रांग. मी त्या वेगाकडे बघितलं. आठ महिन्यांपूर्वी जो अंदाज चुकला, तोच पुन्हा करायचा होता: ही गाडी किती लांब आहे आणि किती वेळात येईल. मी अंदाज केला. पाऊल टाकलं.

डंपर पट्ट्यांच्या बराच आधी थांबला. मागच्या गाड्याही थांबल्या. खिडकीतून एक पिकलेल्या मिशांचा चालक वाकला. "चला बाबा. आरामात."

पुढे रस्त्याचा दुभाजक होता. तिथे मी थांबलो, श्वास घेतला. दुसऱ्या बाजूची एक छोटी गाडी स्वतःहून हळू झाली. आतल्या बाईंनी हाताने खूण केली, या. मी गेलो. वसुधा जिथे पडली असेल ती जागा मला नेमकी माहीत नाही, कुणी दाखवली नाही, मीही विचारली नव्हती. पण त्या जागेवरून किंवा तिच्या जवळून मी चाललो असणार. तिथे थांबलो नाही. वसुधाला थांबून राहणं कधी आवडायचं नाही.

निखिल फुटपाथवर उभा होता. त्याने मला धरलं नाही. धरायला हात पुढे केला होता, तो खिशात घातला.

मग तो म्हणाला, "बरं. पुढच्या रविवारी येतो. येताना काय आणू?"

मी म्हटलं, "काही नको. इथे सगळं मिळतं."